मातीचे पदक आणि मातीचे बकपात्र

थोर पुरुषाचे स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम चौथरा येतो. चौथऱ्यावर धातूचा किंवा संगमरवराचा पुतळा, पुतळ्याच्या गळ्यात वर्षातून दोनदा पडणारा हार आणि पायथ्याशी कोरलेली जन्ममृत्यूची साले, ही स्मारकाची कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याहून निराळी कल्पना संभवते हेच आपण विसरून गेलो आहोत. अशा वेळी तळहातावर मावेल एवढी एखादी लहानशी वस्तू आपल्या समजुती पुन्हा तपासून पाहावयास लावते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात घडविले गेलेले, रसायनशास्त्रज्ञ जोझेफ प्रीस्टली याची मुखाकृती असलेले मातीचे पदक ही अशीच एक वस्तू आहे. तिच्या निमित्ताने वैज्ञानिकाचे स्मरण कशा रीतीने व्हावे, याविषयी काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

प्रथम पदकाविषयी. ते लंबगोल आहे. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या मातीत उठावाने काढलेली, एका बाजूने दिसणारी मुखाकृती, एवढेच त्याचे स्वरूप. प्राचीन रोमन नाण्यांवर आणि कोरीव रत्नांवर सम्राटांचे चेहरे ज्या पद्धतीने दाखविले जात, तीच पद्धत येथे स्वीकारलेली आहे. परंतु हा चेहरा सम्राटाचा नाही. तो धर्मोपदेशकाचा व्यवसाय करून उरलेल्या वेळात हवेवर प्रयोग करणाऱ्या एका मध्यमवर्गीय गृहस्थाचा आहे. पदक तयार झाले ते 1779च्या सुमारास, आणि ते घडविण्याचे श्रेय विल्यम हॅकवुड या कारागिराकडे जाते. जोसाया वेजवुडच्या कारखान्यात 1769 मध्ये दाखल झालेल्या या माणसाने तेथे साठ वर्षांहून अधिक काळ काम केले. त्याच्या हातून ज्यांचे चेहरे अमर झाले त्यांची नावे जगाला ठाऊक आहेत. त्याचे स्वतःचे नाव मात्र मृत्कलेच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणास माहीत नाही.

ज्या मातीचे हे पदक आहे ती मातीही साधी नव्हे. जॅस्पर या नावाने ती ओळखली जाते. तिच्यावर काचेची झिलई चढवीत नाहीत. भट्टीत भाजल्यावर ती दगडासारखी टणक आणि बारीक कणांची होते, आणि कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडांनी तिला रंग देता येतो. वेजवुडने हजारो नमुने भाजून पाहिले, प्रत्येक नमुन्याला क्रमांक दिला, मिश्रणाची प्रमाणे सांकेतिक लिपीत टिपून ठेवली आणि 1775च्या सुमारास हे मिश्रण त्याला साधले. त्यात बेरियम सल्फेट असलेले एक खनिज तो वापरीत असे. तात्पर्य, ज्या मातीत रसायनशास्त्रज्ञाचा चेहरा उमटला ती माती स्वतःच दीर्घ रासायनिक प्रयोगांचे फळ होती. कुंभाराने शास्त्रज्ञाचा गौरव केला, असे या पदकाविषयी म्हणावयाचे तर तो कुंभारही आपल्या परीने शास्त्रज्ञच होता, हे विसरता येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे, आणि तो वाजवी आहे. वेजवुड हा व्यापारी होता. न्यूटन, फ्रँक्लिन, लिनीअस, जोझेफ बँक्स अशा अनेकांची पदके त्याच्या कारखान्यात तयार होत. अर्वाचीन थोर पुरुष असा एक स्वतंत्र वर्गच त्याच्या विक्रीच्या सूचीत असे. मेणाचा मूळ नमुना एकदा तयार झाला, त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतला की, त्या साच्यात माती दाबून हव्या तितक्या प्रती काढता येत. मग याला स्मारक कसे म्हणावे? हा तर दुकानात विकला जाणारा माल!

माल होता हे खरे. परंतु त्यामुळे त्याचे स्मारकपण कमी होते असे मला वाटत नाही. सोन्याचे किंवा ब्राँझचे पदक राजाच्या आज्ञेने पडत असे, आणि कोणाचे पाडावयाचे हे राजा ठरवीत असे. मातीच्या पदकाला अशा आज्ञेची गरज नव्हती. शाळामास्तर, वैद्य, गिरणीवाला यांच्यापैकी ज्याला प्रीस्टलीविषयी आदर वाटेल तो ते विकत घेऊन आपल्या घरातील भिंतीवर लावू शकत होता. कोणाचे स्मरण करावे हे ठरविण्याचा अधिकार अशा रीतीने दरबाराकडून घराकडे आला. त्याच कारखान्यातून, त्याच हॅकवुडच्या हातून, 1787 मध्ये साखळदंडांनी जखडलेल्या, गुडघे टेकून हात जोडणाऱ्या आफ्रिकी गुलामाचे पदक निघाले आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीचे ते चिन्ह बनले. त्या पदकावरील माणसाला तर नावही नव्हते. स्वस्त मातीच्या लहानशा वस्तूत जनमत हलविण्याची केवढी शक्ती असते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

तथापि प्रीस्टलीच्या पदकाचे खरे महत्त्व याहून वेगळ्या ठिकाणी आहे. पदक घडविणारा आणि पदकावरचा चेहरा यांचा संबंध भक्त आणि दैवत असा नव्हता. तो कामातील सोबत्यांचा होता. वेजवुड आणि प्रीस्टली हे परस्परांचे स्नेही. 1780 मध्ये प्रीस्टली बर्मिंगहॅम येथे धर्मोपदेशक म्हणून आला आणि पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या ल्यूनर सोसायटीच्या बैठकांना जाऊ लागला. रात्री उशिरा घरी परतताना रस्त्यावर चांदणे असावे, एवढ्या साध्या सोयीसाठी पौर्णिमेची निवड होती. जेम्स वॅट, मॅथ्यू बोल्टन, इरॅस्मस डार्विन ही मंडळी तेथे जमत, आणि वेजवुडचाही या वर्तुळाशी निकटचा संबंध होता. वेजवुड प्रीस्टलीच्या संशोधनासाठी दरवर्षी वर्गणी देई. परंतु त्या वर्गणीहूनही मोलाची एक गोष्ट तो देत असे: प्रयोगशाळेसाठी लागणारी बकपात्रे, नळ्या आणि मुशी तो आपल्या भट्टीत तयार करून विनामूल्य पाठवी. ज्या भट्टीतून प्रीस्टलीचा चेहरा बाहेर पडला, त्याच कारखान्याच्या भट्ट्यांतून त्याची हत्यारेही बाहेर पडत होती. स्मारक आणि साधन यांचे असे सख्य मला तरी अन्यत्र क्वचितच आढळले आहे.

हा देवाणघेवाणीचा व्यवहार एकतर्फी नव्हता. भट्टीतील उष्णता नेमकी किती आहे हे कळण्याचे साधन त्या काळी नव्हते. कारागीर ज्वाळेच्या रंगावरून अंदाज बांधीत. भाजताना माती आकसते, हे तर प्रत्येक कुंभाराला ठाऊक असते. मेणाच्या नमुन्यापेक्षा भाजलेले पदक लहान होते ते याच कारणाने, आणि साचा करणाऱ्याला ही घट आधीच गृहीत धरावी लागते. हीच अडचण वेजवुडने उपयोगात आणली. मातीचे ठरावीक मापाचे तुकडे भट्टीत ठेवावयाचे, बाहेर काढल्यावर ते किती आकसले हे निमुळत्या होत जाणाऱ्या खाचेत सरकवून मोजावयाचे, आणि त्यावरून उष्णतेचे मान काढावयाचे, अशी युक्ती त्याने 1782 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली. पुढच्याच वर्षी तो त्या सोसायटीचा सदस्य झाला. वेजवुडच्या मोजणीतील अंश पुढे चुकीचे ठरले, कारण मातीचे आकसणे त्याला वाटले तितके नियमित नसते. परंतु कारखान्यातील व्यवहारज्ञान आणि प्रयोगशाळेतील जिज्ञासा यांच्यामध्ये त्या काळी भिंत नव्हती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळू. 1783च्या सुमारास प्रीस्टलीला एक विलक्षण गोष्ट आढळली. मातीच्या बकपात्रात पाणी घालून ते तापविले असता दुसऱ्या टोकाला हवा मिळू लागली. पाणी नाहीसे होत होते आणि हवा गोळा होत होती. पाण्याचे हवेत रूपांतर होते, असा निष्कर्ष समोर दिसत होता, आणि क्षणभर तो क्रांतिकारक वाटावा असाच होता. परंतु तोच प्रयोग काचेच्या पात्रात केला तर हवा मिळेना. मग प्रीस्टलीने स्वतःच्याच शोधाची उलटतपासणी सुरू केली. अखेरीस असे दिसून आले की, मातीच्या पात्राची भिंत सच्छिद्र असल्यामुळे आतली वाफ त्या छिद्रांवाटे बाहेर निसटत होती आणि बाहेरची हवा आत शिरत होती. गोळा झालेली हवा पाण्यातून निघालेली नव्हती. ती सभोवतालचीच होती. हा सारा वृत्तांत त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि निबंधाच्या शीर्षकातच हे रूपांतर केवळ भासमान असल्याचे सांगून टाकले.

मातीने त्याला फसविले होते, आणि मातीचीच परीक्षा करून तो त्या फसगतीतून बाहेर आला. ही कबुली देताना त्याला संकोच वाटला असे त्याच्या लेखनावरून दिसत नाही. आपण काय केले, काय पाहिले आणि कोठे चुकलो, हे ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने लिहून काढण्याची त्याची रीत होती. यशस्वी प्रयोग तेवढे निवडून बाकीचे झाकून ठेवणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटे.

अर्थात प्रत्येक चुकीतून तो बाहेर आला असे नाही. 1 ऑगस्ट 1774 या दिवशी, लॉर्ड शेलबर्न याच्याकडे नोकरीस असताना, त्याने बहिर्गोल भिंगाने सूर्याची किरणे पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर केंद्रित केली आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती अधिक तेजाने जळते हे पाहिले. त्याच वर्षी पॅरिस येथे त्याने हा अनुभव लाव्हाझ्येला सांगितला. स्वीडनमधील शेले यानेही स्वतंत्रपणे हा वायू मिळविला होता. परंतु ते प्रसिद्ध व्हावयास 1777 साल उजाडले. या वायूला ऑक्सिजन हे नाव देऊन ज्वलनाची नवी उपपत्ती उभारली ती लाव्हाझ्येने. प्रीस्टली मात्र पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व बाहेर पडते, या जुन्या सिद्धांताला अखेरपर्यंत चिकटून राहिला. 1804 मध्ये अमेरिकेत त्याचा अंत झाला तेव्हा त्या सिद्धांताचा जवळजवळ तोच एक उल्लेखनीय पुरस्कर्ता उरला होता. ज्याने प्राणवायू दाखविला त्यालाच प्राणवायू ओळखता आला नाही, ही रसायनशास्त्राच्या इतिहासातील मोठी शोकात्म घटना होय.

पदकावरच्या चेहऱ्यात यातले काहीच दिसत नाही. तेथे कपाळ शांत आहे, नजर समोर आहे, ओठ मिटलेले आहेत. चेहरा कितीही हुबेहूब असला तरी तो माणसाच्या विचाराची वाटचाल सांगू शकत नाही, ही प्रत्येक व्यक्तिशिल्पाची मर्यादाच आहे. या मर्यादेचे भयंकर प्रत्यंतर 1791 मध्ये आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या स्मृत्यर्थ 14 जुलैला बर्मिंगहॅममध्ये भोजन झाले. प्रीस्टली त्यास हजर नव्हता. तथापि त्याचे धार्मिक आणि राजकीय विचार सर्वांना ठाऊक होते. जमावाने त्याचे प्रार्थनामंदिर जाळले, घर उद्ध्वस्त केले. ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते आणि उपकरणे यांचा विध्वंस केला. नंतर गावकऱ्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्याने उपकरणांच्या नाशाबद्दल विशेष खेद व्यक्त केला. त्याच काळात गिलरेसारखे व्यंगचित्रकार त्याला देशद्रोही म्हणून रंगवीत होते. म्हणजे जो चेहरा काही घरांत आदराने भिंतीवर लागला होता, तोच चेहरा छापील चित्रांतून द्वेषाचा विषय झाला होता. चेहऱ्याची पूजा करता येते तशी विटंबनाही करता येते. दोन्हींसाठी त्या माणसाने काय केले हे समजून घेण्याची गरज नसते.

एप्रिल 1794 मध्ये प्रीस्टली मायदेश सोडून अमेरिकेला निघाला. पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये लाव्हाझ्येचा शिरच्छेद झाला. जानेवारी 1795 मध्ये वेजवुड वारला. आठ-नऊ महिन्यांत एक युग संपावे असा हा योग आहे.

ज्या नगराने त्याला हुसकावून लावले त्या नगराने 1 ऑगस्ट 1874 रोजी, प्राणवायूच्या प्रयोगाच्या शताब्दीदिनी, त्याचा संगमरवरी पुतळा उभारला. त्या प्रसंगी टी. एच. हक्सलीने भाषण केले. पुढे 1951 मध्ये त्या पुतळ्याची ब्राँझमध्ये प्रतिकृती ओतण्यात आली. शिल्पकार विल्यमसन याच्या बाबतीत न्यायाने सांगितले पाहिजे की, त्याने प्रीस्टलीला रिकाम्या हातांनी उभे केलेले नाही. भिंग घेऊन प्रयोग करीत असतानाच त्याला दाखविले आहे. पुतळ्यांमध्ये हा चांगला पुतळा आहे. परंतु तो आला 83 वर्षांनी. पश्चात्ताप म्हणून त्याचे मोल आहेच. मात्र पश्चात्तापाने प्रयोगशाळा परत येत नाही. याउलट, मातीचे पदक घडले तेव्हा प्रीस्टली सेहेचाळीस वर्षांचा होता, त्याच्या हातून बरेच काम व्हावयाचे होते, आणि पदक घडविणारा कारखानदार त्या कामासाठी पात्रे पुरवीत होता. एका स्मारकाने झालेल्या कार्याची नोंद घेतली, दुसऱ्याने चालू कार्याला हात दिला. दोहोंपैकी एकच निवडावयाचे असेल तर मी दुसरे निवडीन.

हा प्रश्न केवळ इंग्लंडपुरता असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. आपल्याकडेही महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या वास्तूंतून वैज्ञानिकांच्या तसबिरी लावलेल्या असतात, जयंत्या साजऱ्या होतात, भाषणे होतात. या आदरात खोटेपणा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या तसबिरीखालून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला, या माणसाने कोणत्या पात्रात काय तापविले, त्याला प्रथम काय वाटले आणि ते कशामुळे चुकीचे ठरले, हे सांगण्याची सोय आपण सहसा करीत नाही. परिणामी वैज्ञानिक हा जन्मतःच सर्व काही ठाऊक असलेला पुरुष आहे, अशी समजूत दृढ होते. स्वतःच्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळले नाही की विद्यार्थी आकडे बदलून टाकतो, यात त्याचा दोष थोडा आहे. चूक ही विज्ञानाच्या वाटेवरचीच गोष्ट आहे, हे त्याला कोणत्याच तसबिरीने सांगितलेले नसते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या संस्थेला वैज्ञानिकाचे स्मरण करावयाचे असेल तिने त्याच्या चेहऱ्याशेजारी त्याचे एखादे उपकरण, निदान त्याची प्रतिकृती, ठेवावी, आणि त्या उपकरणाने त्याला कोठे नेले व कोठे चकविले हे चार ओळींत लिहावे. प्रीस्टलीच्या पदकाशेजारी मातीचे एक सच्छिद्र बकपात्र ठेवले तर पाहणाऱ्याला एकाच दृष्टिक्षेपात कळेल की, हा चेहरा आणि हे पात्र एकाच मातीच्या विद्येतून निपजले. आणि पुतळ्यावर होणाऱ्या खर्चाचा काही भाग जर आज काम करणाऱ्या कोणा संशोधकाच्या काचपात्रांसाठी दिला गेला, तर तेही स्मारकच होईल. वेजवुडने पदकाबरोबर पात्रेही पाठविली होती. आपणास निदान दोहोंपैकी पात्रांचा विसर पडू नये.